तिथलं बोट

कामिका एकादशीचं भजन होतं. बाहेर पावसाची झड, देवळात ओल्या छत्र्यांचा आणि उदबत्तीचा मिळून एक वास, आणि भिंतीला पाठ लावून मी पेटी घेऊन बसलेलो. आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गल्लीतल्या भजनाची पट्टी ठरलेली आहे, पांढरी चार, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी हा आमचा षड्ज, सा. पावसाळ्यात पेटीचं लाकूड फुगतं, एखादी पट्टी दाबली की वर यायला वेळ घेते, म्हणून आदल्या रात्री मी पेटीच्या कपाटात चाळीसचा बल्ब लावून ठेवला होता. सगळं नीट चाललं होतं. दुसरा अभंग भूप रागाच्या अंगाच्या चालीवर होता. गांधारावर, म्हणजे ग वर, येऊन टेकायचं आणि तिथंच रेंगाळायचं, अशी ती चाल. मीही गांधारावर बोट ठेवून भरभरून भाता मारत होतो. चरण संपला, पखवाज जरा निवला, तेवढ्यात शेजारी टाळ घेऊन बसलेले मामा माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "मास्तर, ते तिथलं बोट तेवढं उचल की रे. बोचायलंय."

तिथलं म्हणजे कुठलं, हे त्यांना नावानं सांगता येत नव्हतं. टाळाची दोरी गुंडाळलेल्या बोटानंच त्यांनी पट्ट्यांकडे खूण केली. पांढरी सहा. गांधार.

मी बोट उचललं नाही. मान डोलावली आणि पुढच्या चरणाला आणखी जोरानं तोच गांधार धरला. मला राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. मामा सत्तरीच्या पुढचे. आयुष्य मागावर गेलं, आधी हातमाग आणि मग पस्तीस वर्षं पॉवरलूम. त्यांना फोनची रिंग ऐकू येत नाही. दारातून हाक मारली तर दोनदा मारावी लागते. "साखर" म्हटलं तर "काय आखर?" म्हणून विचारतात. सा रे ग म ही अक्षरं त्यांनी कुणाकडे गिरवलेली नाहीत. आणि मी परीक्षा दिलेला माणूस, त्यातून गेलं वर्षभर रोज अर्धा तास कान तयार करायला बसणारा. मोबाईलवरचं एक ॲप दोन सूर वाजवतं आणि त्यांच्यातलं अंतर ओळखायला सांगतं. सा ते ग एवढं मेजर थर्ड, सा ते म एवढं परफेक्ट फोर्थ, सा ते प एवढं परफेक्ट फिफ्थ. पन्नासातले सत्तेचाळीस मी बरोबर सांगू लागलो होतो. त्या सत्तेचाळीसचा मला मनापासून आनंद होता आणि मामांचं ते "बोचायलंय" नेमकं त्या आनंदाला जाऊन लागलं.

रात्री जेवण झाल्यावर तंबोरा काढला. आमचा तंबोरा मिरजेचा. या भागातल्या सगळ्यांचेच तंबोरे मिरजेचे. वडिलांनी तो रेल्वेनं आणला तेव्हा डब्यात भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून ते सबंध प्रवास त्याला मांडीवर घेऊन बसले होते, असं आई सांगायची. ओल्या हवेत तारा उतरलेल्या होत्या. जोडीच्या दोन तारा मिळवायला घेतल्या. दोन्ही षड्जाच्याच, पण त्यांच्यात केसाएवढा जरी फरक असला तरी सूर थरथरत राहतो. व्वा व्वा व्वा अशा लाटा उठतात. खुंटी अगदी चुटकीएवढी पिळली की लाटा लांबतात, व्वाऽऽ, व्वाऽऽऽ. मग खुंटी सोडून द्यायची आणि भोपळ्याकडचा मणी नखानं किंचित सरकवायचा. शेवटची लाट इतकी लांब होते की ती संपली की नाही कळत नाही, आणि मग दोन तारा एक होतात. त्या क्षणी खोलीतलं काहीतरी थांबल्यासारखं वाटतं. लहानपणी मला वाटायचं की पंखा बंद झाला. नंतर पंचमाची, प ची तार, शेवटी खरज, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. घोडीवर तारेखालचा जवारीचा दोरा इकडून तिकडे सरकवत खरज बोलका केला आणि दिवा मालवून ऐकत बसलो.

चार तारा आहेत आणि त्यांतली एकही गांधाराची नाही. तरी खरजाच्या तारेतून गांधार येतो. तार आपल्या पूर्ण लांबीनं हलत असतानाच अर्ध्यात, तिसऱ्यात, चौथ्यात, पाचव्या हिश्श्यातही हलते, आणि त्या पाचव्या हिश्श्याचा सूर म्हणजे गांधार, खरजाच्या पाचपट कंपनांचा, दोन सप्तकं वरचा. स्वयंभू गांधार म्हणतात तो हाच. तो आल्यावर मी शेजारी पेटी ओढली आणि पांढरी सहा दाबली.

लाटा. व्वा व्वा व्वा.

मामांना जे बोचलं ते हे. मी दिवा लावला, कागद घेतला आणि हिशेब करत बसलो. पांढरी चारचा षड्ज सेकंदाला साधारण १७५ कंपनांचा. नैसर्गिक गांधार त्याच्या सव्वापट, म्हणजे २१८ च्या जरा वर. पेटीची पांढरी सहा २२० ची. फरक पावणेदोनचा. देवळात मामांच्या गळ्यातला गांधार आणि माझ्या बोटाखालचा गांधार यांच्यात दर सेकंदाला पावणेदोन लाटा आपटत होत्या आणि मी वर भाता मारून त्या आणखी मोठ्या करत होतो. वर्षभर ॲपनं मला जो मेजर थर्ड पाठ करून दिला होता तो २२० चाच होता. माझा कान तयार झाला होता खरा, पण पेटीच्या मापानं.

सव्वापट, दीडपट हे शब्द मला गुरुजींनी दिले. टिळकवाडीत त्यांच्या घरी संध्याकाळी वर्ग असायचा. आम्ही आठ-दहा मुलं, निम्मी घरी मराठी बोलणारी, निम्मी कन्नड. गुरुजी दोन्ही भाषांत शिकवायचे आणि दोन्ही भाषांत रागवायचे. "किविगोट्टु केळु," ते कन्नड मुलांना म्हणायचे आणि लगेच आमच्याकडे वळून, "कान देऊन ऐक." बरेच दिवस मला त्या केळुमुळे केळंच आठवायचं. कान द्यायची वस्तू आहे हे दोन्ही भाषांत तसंच म्हणतात, याचं मला अजून नवल वाटतं. तर गुरुजी म्हणायचे, तुम्हाला पाढे येतात ना? मग सूर येतात. पंचम म्हणजे दिडकी. गांधार म्हणजे सवायकी. तार षड्ज म्हणजे बे एके बे. मध्यमाला मात्र आपल्या पाढ्यांत जागा नाही, तो तीनास चार. आम्ही पावकी-निमकी-सवायकी घोकलेली शेवटची पिढी असू. सव्वा म्हणताना तोंडात जी एक छोटी उडी लागते ती मला गांधारात अजून जाणवते.

पहिले सहा महिने षड्जाखेरीज काही नव्हतं. मग पंचम. मग एके दिवशी गुरुजींनी आम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवलं, तंबोरा बाजूला ठेवला आणि पेटीवर दोन सूर वाजवले. ओळखा. मी हात वर केला, "सा-म." मला खात्री होती. केदार रागात षड्जावरून सरळ मध्यमावर जातात, ती झेप माझ्या अंगात बसलेली होती. गुरुजी म्हणाले, "षड्ज कुठाय?" मी म्हणालो, पहिला सूर तोच की. त्यांनी काही न बोलता एका मुलीला तंबोरा छेडायला सांगितला आणि तेच दोन सूर पुन्हा वाजवले. आता ते प-सां होते, पंचम आणि वरचा सा. उघड उघड, डोळ्यांसमोर धरल्यासारखे प-सां. सूर तेच, अंतर तेच, तीनास चार. खाली खरज आला आणि त्यांचं नाव बदललं. ती मुलगी घरी कन्नड बोलणारी होती, तिनं तंबोरा छेडता छेडता ओठांतल्या ओठांत "प सा" म्हटलेलं मला ऐकू आलं होतं, माझ्या आधी. गुरुजी एवढंच म्हणाले, "आधी खरज ऐक, मग बोल."

ॲपचा माझा घोटाळा तिथंच होता, असं आता वाटतं. पाश्चात्त्य पद्धतीत अंतराला स्वतःचं नाव असतं, ते कुठल्या सुरावरून मोजलं याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. फोर्थ म्हणजे फोर्थ, तो कुठंही असो. त्या संगीतात सुरावर सूर रचायचे असतात, त्यामुळे त्यांना ते नाव लागतंच, आणि त्यात वावगं काही नाही. मलाही त्याचा फायदा झाला. प्रत्येक अंतराला एखाद्या ओळखीच्या गाण्याची सुरुवात जोडा, असं तिथं सांगतात. मी रागांच्या जागा जोडल्या. चौथ्याला केदार. कोमल रिषभावरून पंचमावर जायला श्री. गांधार-पंचमाला भूप. त्यातून कान धारदार झाला हे खरं. पण आपल्याकडे सूर ओळखणं म्हणजे तो घरापासून किती लांब आहे ते ओळखणं, आणि घर सतत मागे वाजत असतं. ॲपमध्ये घर नव्हतं. दोन सूर यायचे, मी नाव सांगायचो, ते निघून जायचे.

अंतर हा शब्दही कसा आहे बघा. लांबीलाही अंतर आणि मनालाही अंतर.

अंतरं ऐकायचा नाद मला खरं म्हणजे तंबोऱ्याआधीच लागला होता, तो दुसऱ्या रेल्वे गेटवर. टिळकवाडीची गेटं ज्यांनी अनुभवलीत त्यांना तिथं गेलेल्या आयुष्याचा हिशेब विचारू नये. वर्गाला जाताना सायकल घेऊन मी तिथं रोज अडकायचो. गाडी येताना भोंगा वर असायचा आणि इंजिन समोरून गेलं की धपकन खाली यायचा. एका बाजूला बैलगाडी, दुसऱ्या बाजूला दुधाचे कॅन लावलेली एम-एटी, आणि मधे मी तोंड मिटून येणाऱ्या भोंग्याचा सूर नाकात धरून ठेवलेला. गाडी गेल्यावर नाकातला सूर आणि कानातला सूर जोडून बघायचा. कधी सा-नी निघायचा, कधी जवळजवळ सा-कोमल नी. पुढे कॉलेजात डॉप्लर परिणाम शिकलो तेव्हा मी पहिलं गणित तेच केलं. गाडी ताशी ४० किलोमीटरनं जात असेल तर आधीच्या आणि नंतरच्या सुरांतलं प्रमाण येतं सोळास पंधरा, म्हणजे शुद्ध निषाद आणि षड्ज यांच्यातलं नेमकं अंतर. ताशी ६० ला ते जवळजवळ पूर्ण स्वराचं होतं. मला इतका आनंद झाला होता की ती वही मी अजून ठेवली आहे. आणि एक गोष्ट त्या वयातच लक्षात आली होती, तिचा अर्थ नंतर कळला. डिझेल इंजिनाच्या भोंग्यात दोन सूर असायचे. गाडी गेली की दोन्ही खाली यायचे, पण त्यांच्या आपसातलं अंतर तसूभर बदलायचं नाही. दोघं हातात हात घालून जिना उतरल्यासारखे.

पेटीबद्दल मी काही वाईट बोलणार नाही. माझ्या बोटांना दुसरं घर नाही. पेटीत सप्तकाचे बारा सारखे हिस्से केलेले असतात, म्हणून आज पांढरी चार आणि उद्या काळी एक, कुणीही यावं आणि आपला षड्ज धरावा. त्याची किंमत गांधाराला मोजावी लागते. तो सव्वापट राहत नाही, एक पूर्णांक सव्वीस शतांश होतो. पंचम मात्र जवळजवळ दिडकीतच राहतो, म्हणून पंचमावर कुणाला बोचत नाही. हे भांडण आमच्याच मुलखात शंभर वर्षांपूर्वी रंगलं होतं. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सुरांच्या बारीक जागांवर, पुस्तक काढलं, मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब त्या कामात त्यांच्याबरोबर होते, आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशानं त्यातून स्फूर्ती घेऊन श्रुतींची वेगळी पेटी बनवून घेतली. ती पेटी कुठल्या देवळात पोचली नाही. पुढे आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदीच घातली, ती १९७१ साली सैल झाली. आणि त्याच काळात याच बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे पेटीला गायला लावत होते. हे सगळं मला पाठ होतं. वर्गात सांगायला, गप्पांत सांगायला. फक्त देवळात बसून, बोट पट्टीवर असताना, ते मला ऐकू आलं नव्हतं.

मग मामांना ते कसं ऐकू आलं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत माग होते तिथं आता नातवाची मोटरसायकल लावलेली असते, पण जमिनीत मागाचा खड्डा बुजवलेली फरशी अजून वेगळी दिसते. मी त्यांना विचारलं, मामा, काल ते बोचालतं म्हणालात ते काय? ते म्हणाले, "तुझी पेटी खरी असंल बाबा. पण आम्ही म्हणाला लागलो की तिथं वरनं कोणतरी ढकलल्यासारखं होतंय." मग ते मागाबद्दल बोलू लागले. शेडमध्ये आठ लूम सुरू असायचे, शेजारच्या माणसाचा शब्द कळायचा नाही, पण आपल्या लूमचा धोटा, सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा, जरा तिरका जायला लागला की पाठ वळवलेली असतानाही कळायचं. धोट्यातली सुताची कांडी संपत आली की आवाज पोकळ व्हायचा. "ऐकू येत नव्हतं म्हण," ते म्हणाले, "पण कळत होतं."

पॉवरलूमच्या गोंगाटात माणसाचे कान जातात, ते वरच्या बाजूनं. ४००० कंपनांच्या आसपासचं आधी जातं. त्यात फोनची रिंग जाते, स आणि श जातो, साखरेची आखर होते. भजनाचे सूर त्याच्या कितीतरी खाली, दोनशे-चारशेच्या घरात. ते मामांना राहिले आहेत. हे लिहिताना मला त्यात समाधान वाटत नाही. पस्तीस वर्षांत त्या माणसाच्या कानातून नातवाचा अर्धा आवाज गेला, आणि त्यांना राहिलेल्या तुटपुंज्या ऐकण्यात ज्या सुरावर त्यांनी आयुष्यभर पाय ठेवला त्याच सुराला मी ढकलत होतो.

पुढची एकादशी श्रावणातली, पुत्रदा. त्या पंधरा दिवसांत मी ॲप उघडलं नाही. रोज रात्री तंबोरा लावून खरजातला गांधार ऐकायचा, तो गळ्यानं धरायचा, लाटा थांबेपर्यंत खाली यायचं. पहिले चार दिवस गळा आपोआप वर चढायचा, पेटीच्या जागेवर. आठव्या दिवशी तो पहिल्यांदा बसला आणि किती खाली बसला याचं मलाच आश्चर्य वाटलं. सेकंदाला पावणेदोन कंपनं म्हणजे काहीच नाही, पण गळ्याला ती एक पायरी उतरल्यासारखी लागली.

पुत्रदेच्या भजनात तोच अभंग आला. गांधारावर चाल टेकली आणि मी बोट उचललं. षड्ज आणि पंचम धरून ठेवले, मधली जागा मोकळी सोडली. मामांचा आवाज त्या जागेत आला, खरबरीत, थोडा नाकातला, आणि अगदी स्थिर. पेटी आणि तो आवाज यांच्यात एकही लाट नव्हती. मी खाली मान घालून ऐकत राहिलो. तेवढ्यात दुसऱ्या बाजूची पोरं डळमळली. सातवी-आठवीतली चार पोरं आहेत आमच्यात, ती माझ्याच पेटीवर गाणं शिकलीत, गांधारावर माझं बोट नसलं की त्यांना जमीन सापडत नाही. एक वर गेला, एक खाली आला, दोघं गप्प झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे बघितलं. मामांचे डोळे मिटलेलेच होते, टाळ चालूच होता, पण त्यांना कळलं होतं.

चरण संपल्यावर ते माझ्याकडे वाकले. "पोरं पडायल्यात की रे," ते म्हणाले, "ठेव ते बोट. मी हाय तसा म्हणतो."

पुढच्या चरणाला मी बोट ठेवलं. भाता मात्र अगदी हलक्या हातानं, पट्टीतून वारा नुसता सुटेल एवढाच. पोरं सावरली. मी कान देऊन बसलो होतो. डाव्या कानात पोरं, बोटाखाली पेटी, उजव्या कानात मामा, आणि लाटा होत्याच, बारीक, सेकंदाला पावणेदोन. पखवाजानं उठान घेतली आणि मामांनी टाळ उचलला.